वाघ नसलेल्या देशातले वाघ

जपानच्या जंगलात वाघ नाही. अस्वलं आहेत, हरणं आहेत, माकडं तर हिवाळ्यात गरम पाण्याच्या कुंडात गळ्यापर्यंत बुडून बसतात. पण वाघ औषधालाही सापडायचा नाही. आणि त्या संध्याकाळी ओसाकाच्या उमेदा स्थानकावर मी बघतोय तर जिकडेतिकडे वाघच वाघ! छातीवर वाघ, पाठीवर वाघ, टोपीवर जबडा वासलेला वाघ. ऑफिसातून थेट आलेला एक सुटाबुटातला गृहस्थ फलाटावरच कोट काढतो, घडी करून पिशवीत टाकतो आणि आतून पट्ट्यापट्ट्यांचा सदरा बाहेर येतो. पंच्याहत्तरीच्या दोन आजीबाई काळ्यापिवळ्या अंगरख्यात, काखेत प्लास्टिकचे चिमुकले भोंगे घेऊन, अशा लगबगीनं डब्यात शिरतात की आपल्याकडच्या काकड्याला निघालेल्या म्हाताऱ्यासुद्धा मागं पडतील.

मी यवतमाळचा. आमच्या जिल्ह्यात टिपेश्वर आहे आणि तिथले वाघ खरे आहेत. २०१८ साली टी-१ वाघिणीच्या दहशतीत पांढरकवडा-राळेगाव भागातल्या गावांनी कसे दिवस काढले ते आम्हाला ठाऊक आहे. वावरात एकट्यानं जायची सोय राहिली नव्हती. आमच्याकडं वाघाचं नाव निघालं की माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. इथं नाव निघालं की आख्खा डबा गर्जतो.

हे सगळे निघाले होते हान्शिन टायगर्स या बेसबॉल संघाचा सामना बघायला. सोबत माझा भाचा, गेली काही वर्षं ओसाकात नोकरीला. “मामाजी, तुम्ही मंदिरं पाहिली, किल्ला पाहिला, आता इथला खरा देव दाखवतो,” म्हणाला. मला वाटलं, पोरगं चेष्टा करतंय.

कोशिएन स्थानकातून बाहेर पडलं की पूल ओलांडायच्या आतच भिंत दिसते. भिंत म्हणजे हिरवीगार वेल. मैदानाच्या बाहेरच्या अंगाला खालपासून वरपर्यंत आयव्हीची पानं, वाऱ्याची झुळूक आली की सगळी भिंत अंग शहारल्यासारखी हलते. ही वेल मैदानाच्या जन्मवर्षी, १९२४ मध्ये लावलेली. मधे डागडुजीसाठी ती काढावी लागली. पण त्याआधी २००० साली तिची रोपं देशभरातल्या शाळांना वाटून ठेवली होती. ती रोपं शाळाशाळांच्या आवारात वाढली, आणि भिंत नव्यानं बांधून झाल्यावर त्यातली काही परत आणून इथं लावली. लेकी माहेरी आल्या म्हणायचं!

आत अंधारा बोळ. तळणाचा, सोया सॉसचा, भाजलेल्या माकूळचा वास. चार पायऱ्या चढतो, आणि एकदम आभाळ उघडतं.

मी जागच्या जागी उभा राहिलो. सत्तेचाळीस हजार माणसं मावतात असं भाचा सांगत होता, पण माझं लक्ष माणसांकडं गेलंच नाही. माझी नजर खिळली होती मातीवर. काळी माती! बाहेरचा भाग हिरव्या गवताचा, पण आतला सगळा चौक, जिथं खेळाडू धावतात, घसरतात, तो ओल्या काळ्याभोर मातीचा. नुकता पाऊस पडून गेलेलं वावर वखरून ठेवावं तसा. एवढ्या लांब येऊन कोणी आपल्या कापसाच्या रानासमोर आणून उभं केलं तर माणूस काय करेल? मी हसत सुटलो.

त्या मातीची गोष्ट ऐकाल तर थक्क व्हाल. ती एका ठिकाणची नव्हेच. ओकायामा, कागोशिमा अशा निरनिराळ्या प्रांतांतून काळी माती आणतात आणि तिच्यात पांढरी वाळू मिसळतात. मिश्रणही वर्षभर एक राहत नाही. वसंतात पाऊस जास्त, म्हणून वाळू जास्त, पाणी लवकर जिरावं; उन्हाळ्यात काळी माती जास्त, म्हणजे भगभगीत उन्हात पांढरा चेंडू डोळ्यांना नीट दिसतो. आपल्याकडं जुने शेतकरी मातीचं ढेकूळ बोटांत चुरून वाफशाचा अंदाज घेतात, तसे इथले मैदान राखणारे वाकून माती चाचपताना मी पाहिले. मग आखणीच्या गाड्या फिरल्या, पाण्याचा मोठा पाइप आठदहा जणांनी खांद्यावर घेतला, धार उंच उडाली, तिच्यात क्षणभर इंद्रधनुष्य उमटलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मैदानाला पाणी मारणाऱ्यांना टाळ्या! वानखेडेवर पीच झाकणाऱ्यांना कधी कोणी टाळी दिलेली मला आठवत नाही.

आणि ही माती लोक घरी नेतात. म्हणजे सगळे नव्हेत. दर ऑगस्टात इथं शाळकरी पोरांची राष्ट्रीय स्पर्धा असते. १९१५ पासून चालू असलेली, १९२४ पासून याच मैदानावर. सामना सुरू होताना आणि संपताना भोंगा वाजतो. जो संघ हरतो त्याची पोरं गुडघ्यावर बसतात, रडत रडत दोन्ही हातांनी माती गोळा करतात आणि पिशवीत भरून गावी नेतात. १९५८ साली ओकिनावाच्या शुरी शाळेचा संघ आला, हरला, माती घेऊन बोटीनं परत गेला. ओकिनावा तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात. तिथल्या नियमांत जपानची माती परदेशी ठरली आणि ती बंदरातच समुद्रात टाकायला लावली. ही बातमी वाचून जपानच्या विमान कंपनीतल्या एका हवाईसुंदरीनं या मैदानावरचे खडे त्या पोरांना पाठवले. खड्यांना बंदी नव्हती! ते खडे आजही त्या शाळेतल्या स्मारकात आहेत.

बरं, या स्पर्धेमुळे मजा अशी होते की ऑगस्ट लागला की ज्यांचं हे घर, त्या व्यावसायिक टायगर्सना घर सोडून जावं लागतं. कोट्यवधींचा पगार घेणारे खेळाडू पेट्या उचलतात आणि शाळकरी पोरांसाठी मैदान रिकामं करून गावोगाव हिंडतात. जुन्या काळी या दौऱ्यात संघ हमखास कोसळायचा. आमच्या टिपेश्वरचा ‘वॉकर’ नावाचा वाघ २०१९ मध्ये घर सोडून तेराशे किलोमीटरहून जास्त चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला होता; तो तरी जोडीदारीण शोधत निघाला असेल. हे बिचारे पोराटोरांसाठी.

आता हा संघ जन्मला कसा, ते ऐका. तो रेल्वेच्या पोटी जन्मला.

ओसाका आणि कोबे या दोन शहरांना जोडणारी हान्शिन कंपनीची विजेची गाडी १९०५ मध्ये सुरू झाली. गाडी आहे, रूळ आहेत. पण सुट्टीच्या दिवशी माणसानं गाडीत बसावं कशासाठी? कंपनीनं एका आटलेल्या नदीचं पात्र विकत घेतलं आणि त्यावर साडेचार महिन्यांत हे अवाढव्य मैदान उभं केलं. १ ऑगस्ट १९२४ ला ते उघडलं. जपानच्या जुन्या पंचांगात आपल्यासारखंच साठ वर्षांचं चक्र असतं. त्या चक्राचं ते पहिलं वर्ष, म्हणून नावही त्या वर्षाचंच दिलं. लोक गाडीत बसून यायला लागले. मग १९३४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतून बेब रूथ आला. आपल्याकडं ब्रॅडमन आला असता तर जे झालं असतं ते सगळं झालं. त्याचं कोरीव चित्र आजही मैदानाच्या आवारात आहे. त्या दौऱ्यामागं असलेल्या योमिउरी वृत्तपत्रानं तोक्योत व्यावसायिक संघ काढला, तोच पुढं जायंट्स झाला. तोक्योनं काढला म्हटल्यावर ओसाका गप्प बसतंय होय? १० डिसेंबर १९३५ ला रेल्वे कंपनीनं आपले वाघ मैदानात सोडले.

गंमत बघा, १९३६ मध्ये जपानात धंदेवाईक बेसबॉलचे सामने सुरू झाले, त्याच वर्षी आमच्या शेजारच्या अमरावतीची हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मंडळी बर्लिनला आपले देशी खेळ दाखवायला गेली होती.

आणि ओसाकाचं अन् आमचं नातं त्याहून जुनं आहे, ते मला त्या पायऱ्यांवर बसल्यावर सुचलं आणि अंगावर काटा आला. ओसाका म्हणजे तेव्हा पूर्वेचं मँचेस्टर, सूतगिरण्यांचं शहर. त्या गिरण्यांना कापूस कुठला? १८९३ मध्ये जमशेदजी टाटांनी जपानी बोटकंपनीशी हातमिळवणी करून मुंबई ते कोबे बोटी सुरू केल्या, त्या मुख्यतः कापसासाठी. मुंबईच्या बाजारात वऱ्हाडच्या कापसाला ‘ऊमरा’ म्हणत, उमरावतीचा म्हणून. म्हणजे आमच्या आज्या-पणज्यांनी वेचलेलं बोंड ओसाकाच्या आखातात उतरत होतं आणि त्याच्या सुतावर श्रीमंत झालेल्या शहरातले लोक सुट्टीच्या दिवशी गाडीत बसून इथं येत होते. एवढंच काय, ज्या चेंडूनं हे खेळतात त्याच्या पोटात बुचाचा गोळा, त्यावर लोकरीचं आणि कापसाचं सूत गुंडाळलेलं, वरून कातडं आणि त्या कातड्यावर लाल दोऱ्याचे बरोबर १०८ टाके. जपमाळेचे मणी मोजावेत तसे मी भाच्याकडच्या चेंडूवरचे टाके मोजू लागलो, पण तेवढ्यात ढोल वाजला.

ढोल वाजतो आणि उजवीकडचा सगळा उतार उभा राहतो. तुताऱ्या. मग हजारो प्लास्टिकचे भोंगे एकमेकांवर आपटतात, टाक टाक टाक, एका ठेक्यात. पहिला फलंदाज येतो. त्याचं गाणं सुरू होतं. दुसरा येतो, त्याचं वेगळं गाणं! प्रत्येक खेळाडूला स्वतंत्र चाल, स्वतंत्र शब्द, आणि माझ्या पुढं बसलेल्या सहा वर्षांच्या पोरीला ती सगळी पाठ. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैल उभे असताना आमच्या गावात झडत्या म्हणतात ना, एकानं उचलायची आणि सगळ्यांनी आरोळी ठोकायची, तसंच. फक्त इथं आरोळी चाळीस हजारांची. आणि नवल हे की प्रतिस्पर्ध्यांची पाळी आली की हे सगळे चिडीचूप बसतात. मग डाव्या कोपऱ्यात लाल कपड्यांतली हिरोशिमाची मूठभर माणसं उभी राहतात आणि आपली गाणी म्हणतात. त्यांना कोणी हुर्यो करत नाही. तुमची पाळी, तुम्ही म्हणा. आमची आली की आम्ही. शिस्तीत केलेला एवढा दंगा मी जन्मात पाहिला नव्हता.

पाठीवर बिअरचं पिंप बांधलेल्या पोरी त्या उभ्या पायऱ्या चढताहेत, उतरताहेत, गिऱ्हाईकापुढं गुडघा टेकून पेला भरताहेत, घामाचा थेंब नाही की कपाळावर आठी नाही. भाच्यानं माझ्यासाठी भात आणि करी आणली. हो, करी! १९२४ मध्ये मैदान उघडलं तेव्हापासून इथं करी मिळते. दाट, तपकिरी, गोडसर. आमच्या सावजी रश्शाची सवय असलेल्या जिभेला ती लहान बाळाला भरवल्यासारखी वाटते, पण मी ताट पुसून खाल्लं.

सूर्य कलतो. समुद्राकडून वारा सुटतो, उजवीकडून डावीकडं. या वाऱ्यानं किती फटके परत मैदानात आणून टाकले असतील याची गणती नाही. होमरन फार होईनात म्हणून १९४७ मध्ये कुंपणाच्या आत दुसरं कुंपण घातलं होतं; १९९१ च्या अखेरीस ते काढलं. तेव्हापासून पुन्हा वाऱ्याचंच राज्य.

माझ्या शेजारी एक म्हातारबाबा बसले होते. गुडघ्यावर वही, तिच्यात प्रत्येक चेंडूची नोंद, अक्षर मुंगीएवढं. भाचा दुभाषा झाला आणि त्यांनी मला संघाचा इतिहास सांगितला. एखाद्या घराण्याची बखर सांगावी तसा.

युद्धात काय झालं ते आधी. १९४० मध्ये इंग्रजी नावं नकोत म्हणून संघाचं ‘टायगर्स’ हे नाव गेलं. १९४३ मध्ये वरचं लोखंडी छप्पर युद्धासाठी काढून नेलं. आतल्या चौकात रताळी लावली, बाहेरच्या गवतावर लष्कराचे ट्रक उभे राहिले. कागेउरा मासारु हा पहिल्या पिढीचा धिप्पाड फलंदाज १९४५ मध्ये फिलिपाइन्सच्या रणांगणावर मेला. त्याचा तोक्योतला तोडीचा शत्रू, गोलंदाज सावामुरा एइजी, ज्यानं अठरा वर्षं पुरी व्हायच्या आत बेब रूथला चकवलं होतं, तो त्याआधीच १९४४ मध्ये बोटीसह बुडाला होता. म्हातारबाबांनी एवढं सांगून वहीतलं पान उलटलं.

मग फुजिमुरा फुमिओ. कपडे वाळत घालायच्या काठीएवढी लांब बॅट घेऊन यायचा आणि १९४९ मध्ये त्यानं ४६ होमरन ठोकले. मग मुरायामा मिनोरु. २५ जून १९५९, तोक्यो, खुद्द सम्राट पहिल्यांदाच धंदेवाईक सामना बघायला बसलेले. बरोबरी, ४-४. जायंट्सचा नागाशिमा मुरायामाचा चेंडू डाव्या कोपऱ्यात भिरकावतो आणि सामना संपतो. पंच म्हणाले होमरन. मुरायामा मरेपर्यंत म्हणत राहिला, रेषेबाहेर होता! १९९८ मध्ये तो गेला. म्हातारबाबांना विचारलं, तुमचं काय मत? त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी विठोबा उभा आहे की बसलेला असं विचारलं. बाहेरच होता.

पण मला भावला तो एनात्सु युताका. १९६८ मध्ये हा वीस वर्षांचा डावखुरा पोरगा एका हंगामातले सर्वाधिक बळी, म्हणजे फलंदाजाला तीनदा हुकवून बाद करण्याचा विक्रम मोडायला निघाला. त्याला तो मोडायचा होता ओ सादाहारुवर, त्या काळच्या सर्वांत मोठ्या फलंदाजावर. त्यानं ओला हुकवलं. जल्लोष झाला. मग कळलं की विक्रमाची नुसती बरोबरी झाली आहे. आता पुढचा बळी विक्रमाचा, आणि ओची पाळी यायला अख्खी रांग जायची आहे! या पठ्ठ्यानं काय करावं? मधल्या सगळ्यांना त्यानं मुद्दाम मारू दिलं, झेल घेऊन, धावबाद करून परत पाठवलं, एकालाही हुकवून बाद केलं नाही. आणि ओ समोर आल्यावर त्याला पुन्हा हुकवलं. त्या हंगामात त्याचे एकूण ४०१ झाले. असला माज फक्त जुन्या तालमीतल्या पैलवानांत असायचा.

एवढे मोठे खेळाडू, आणि जिंकले किती? इथंच खरं आश्चर्य आहे. नव्वद वर्षांचा हा संघ देशाच्या अंतिम मालिकेत, म्हणजे दोन लीगच्या संघांमधल्या झुंजीत, फक्त दोनदा जिंकला आहे. १९७३ मध्ये शेवटच्या दोनपैकी एक सामना जिंकला असता तरी लीग हाती होती. दोन्ही हरले. शेवटचा तर याच मैदानावर, जायंट्सकडून, ९-० असा. लोक कुंपणावरून उड्या मारून मैदानात घुसले.

आणि मग १९८५. म्हातारबाबा खुर्चीत सरळ झाले. १७ एप्रिल, जायंट्सशी सामना. पाठोपाठ तिघं, बास, काकेफु, ओकादा, तिघांचेही फटके मधल्या काळ्या पडद्याच्या दिशेनं गेले ते थेट कुंपणापार! अमेरिकेहून आलेला दाढीवाला रँडी बास त्या वर्षी ५४ होमरन मारून गेला. ऑगस्टात विमान अपघातात पाचशेवर माणसं गेली, त्यात संघाचे अध्यक्षही होते. तरी वाघ थांबले नाहीत. १६ ऑक्टोबरला लीग जिंकली आणि ओसाका वेडं झालं. दोतोम्बोरीच्या पुलावर लोक जमले, एकेका खेळाडूचं नाव पुकारायचं आणि त्याच्यासारखा दिसणाऱ्यानं खाली कालव्यात उडी मारायची. बासचं नाव आलं. आता दाढीवाला गोरा कुठून आणायचा? जवळच केंटकी कोंबडीचं दुकान, दारात कर्नल सँडर्सचा पुतळा. दाढी आहे, गोरा आहे, हसतोही आहे. उचलला आणि टाकला पाण्यात.

नोव्हेंबरात देशाचं विजेतेपदही मिळालं. आणि मग शाप लागला! कर्नल नदीतून वर येत नाही तोवर वाघ जिंकणार नाहीत, असं लोक म्हणू लागले. १९८७ ते २००१ या पंधरा हंगामांत संघ दहा वेळा तळाला. आपल्याकडं असं झालं असतं तर एखादा मांत्रिक नक्की बोलावला असता. इथं म्हणे पाणबुडे उतरवले, पण कर्नल सापडला नाही.

म्हातारबाबांची एक गोष्ट मात्र शापाची नव्हती. १७ जानेवारी १९९५ ची पहाट, भूकंप, सहा हजारांहून जास्त माणसं मेली. हान्शिनचे रूळ पिळवटले, पुलाचे खांब वाकले. आमच्याकडं किल्लारी होऊन तेव्हा सव्वा वर्षच झालं होतं, त्यामुळं ते काय असतं हे मला भाच्याच्या भाषांतराविनाच कळलं. हे मैदान किरकोळ तडे जाऊन उभं राहिलं. वसंतातली शाळांची स्पर्धा झाली. ढोलताशे न वाजवता. गाडी पूर्ण मार्गावर धावायला जून उजाडला.

२००३ मध्ये लीग जिंकली, २००५ मध्येही, पण अंतिम मालिकेत दोन्ही वेळा हार. मार्च २००९ मध्ये कालव्याकाठी काम करताना मजुरांना चिखलात काहीतरी लागलं. आधी वाटलं प्रेत. निघाले कर्नलसाहेब! चष्मा नव्हता, डावा हात नव्हता, हसू शाबूत. चोवीस वर्षं गाळात राहून! तरी वाघांनी आणखी चौदा वर्षं वाट बघायला लावलीच. २०२३ मध्ये प्रशिक्षक कोण? तोच ओकादा, १९८५ च्या त्या तिघांतला तिसरा. वर्षभर त्यानं ‘विजेतेपद’ असं म्हटलंच नाही, म्हणायचा, ‘ते’. रात्री सापाचं नाव घेऊ नये म्हणतात ना, तसं. आणि ५ नोव्हेंबर २०२३ ला, ३८ वर्षांनी ‘ते’ मिळालं. हरवलं कोणाला तर ओरिक्सला. म्हणजे शेजारच्याच हान्क्यू रेल्वेनं १९३६ मध्ये काढलेल्या आणि १९८८ मध्ये विकून टाकलेल्या संघाच्या वारसाला. आणि २००६ मध्ये या दोन्ही रेल्वे कंपन्या एकाच छत्राखाली आल्या होत्या! भाऊबंदकी ही काही फक्त आपली मिरासदारी नव्हे. २०२५ मध्ये तर ७ सप्टेंबरलाच लीग जिंकून टाकली, दोन लीग झाल्यापासून जपानात कोणी इतक्या लवकर जिंकली नव्हती. अंतिम मालिकेत मात्र पुन्हा आपटले.

सातवा डाव. पूर्वी या वेळी हजारो लोक लांबट फुगे तोंडानं फुगवून एकदम सोडायचे, आभाळ रंगून जायचं; साथीच्या वर्षांत ते थांबलं. पण गाणं थांबत नाही. सगळे उठतात, म्हातारबाबा वही मिटून उठतात, आजीबाई उठतात. रोक्को डोंगरावरून उतरणाऱ्या वाऱ्याचं हे गाणं १९३६ मध्ये कोसेकी युजी या संगीतकारानं बांधलं. त्यानंच पुढं १९६४ च्या तोक्यो ऑलिंपिकची धून रचली. मला एक शब्द कळत नाही आणि मी ओरडतोय! पुढची पोरगी मला एक भोंगा देते. मी आपटतो. टाक टाक टाक.

त्या रात्री वाघ हरले. चार-पाच धावांनी, अगदी सरळ. मला वाटलं आता शिव्या, बाटल्या. लोकांनी एक मोठा उसासा सोडला, आपापला कचरा पिशवीत भरला, पायाखालची शेंगांची टरफलंसुद्धा, आणि रांगेनं स्थानकाकडं निघाले. तिथं गाड्यांवर गाड्या लागलेल्या. चाळीस हजार माणूस अर्ध्यापाऊण तासात गिळून टाकला त्या रेल्वेनं.

डब्यात दांडीला लटकून मी आमच्या शकुंतलेचा विचार करत होतो. तीही रेल्वेच. तिचीही खासगी कंपनी, विलायतेची. मूर्तिजापूर, कारंजा, दारव्हा करत यवतमाळला यायची आणि वऱ्हाडचा कापूस घेऊन जायची. वाफेच्या इंजिनानं तिला १९९४ पर्यंत ओढलं. देशातल्या रेल्वे सरकारच्या झाल्या तरी ती त्या कंपनीच्याच नावावर राहिली, आणि आता रुळांवर गवत उगवलंय. ती आमच्याकडून गाठी नेत राहिली. तिच्या मालकांना वाटेवर एखादं मैदान बांधावं, दारव्ह्याच्या पोरांचा एक संघ काढावा, असं एकदाही सुचलं नाही. हान्शिननं डबे भरावेत म्हणून हिशेबानंच संघ काढला, काही धर्मादाय केला नाही. पण हिशेबातून निघालेल्या त्या संघावर तीन पिढ्या जीव टाकताहेत, तोही हरणारा! वर्ध्याकडून नवा रुंद मार्ग २०२४ मध्ये कळंबपर्यंत आला आहे, पुढं यवतमाळला येईल. येताना त्यानं नुसत्या गाठी मोजू नयेत एवढंच माझं म्हणणं.

तुम्ही कधी जपानला गेलात तर फुजी बघा, क्योतोची देवळं बघा, पण एक संध्याकाळ कोशिएनसाठी राखून ठेवा. ऑगस्टात गेलात तर वाघ घरी नसतील. पोरांचे सामने बघा, ते त्याहून चांगले. बसायचं उजव्या बाजूच्या उतारावर. आणि कितीही आवडता असला तरी भगवा किंवा नारिंगी सदरा घालून जाऊ नका. तो जायंट्सचा रंग आहे.